माइकला सोयरं नसतं

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत राहून ज्यानं गेणभाऊ कुऱ्हाड्यांचा आवाज ऐकला नाही, तो माणूस एक तर कानानं अधू असणार, नाही तर लहानपणीच मुंबईला गेलेला. यात्रा कुठल्याही गावची असो, घाटात बैलगाडा जुंपला की माइकवर गेणभाऊच. अंगानं पाप्याचं पितर, उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला मफलर, खांद्याला पिशवी आणि पिशवीत फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा माइक. दुसऱ्याच्या माइकमध्ये ते बोलायचे नाहीत. "परक्याचं उष्टं खाऊन घसा बसतो," म्हणायचे.

आता घाट ज्यानं पाहिला नाही त्याला सांगायला हवं. घाट म्हणजे चढाची सरळ वाट. खाली गाडा जुंपायचा, पुढं घोडीवाला सुटायचा, त्याच्या मागं चार बैल, आणि वर निशाणापाशी घड्याळ लावून पंच. या एका धावेला म्हणतात बारी. एका वेळी एकच गाडा पळतो. शेजारी कुणी नाही, मागं कुणी नाही, ज्याचं त्याचं भांडण घड्याळाशी. सगळा मामला डझनभर सेकंदांचा. म्हणून गेणभाऊ बैल सुटला की छाती भरून श्वास घ्यायचे आणि निशाण पडल्यावरच तो सोडायचे. तेवढ्या एका दमात बैलाचं नाव, मालकाचं गाव, त्याच्या आज्याचा पराक्रम, सगळं यायचं. मधेच बैलाला चेव आणणारं लांबलचक "भिर्रर्र!", आणि शेवटी "झाली, झाली, झाली!" झालं की फेटे आभाळात. मंचरकडच्या एका बैलाला त्यांनी एकदा 'तालुक्याचं कुंकू' म्हटलं, तर मालकानं त्या बैलाचा फोटो देव्हाऱ्यात लावला. शेजारी खंडोबा, त्याच्या शेजारी बैल.

पण नुसत्या आवाजावर एवढी पत मिळत नसते. गेणभाऊंची पत होती ती एका वाक्यावर. "माइकला सोयरं नसतं."

त्याचं असं झालं होतं, की अवसरी खुर्दचा बहिरू, म्हणजे त्यांचा सख्खा मेव्हणा, बायकोचा, ठमाबाईचा, धाकटा भाऊ, पहिल्यांदाच गाडा घेऊन घाटात उतरला. बैल असा पळाला की लोक उभे राहिले. पंचांनी बारी धरलीसुद्धा. पण निशाणाच्या अलीकडं धुरळ्यात एका बैलानं वाट सोडून बाहेर पाय टाकला होता. कुणी पाहिलं नव्हतं. उंचावरच्या स्टेजवरून ते फक्त गेणभाऊंना दिसलं होतं. गप्प बसले असते तर देवालाही कळलं नसतं. पण या गृहस्थानं घसा खाकरला आणि जाहीर केलं, "अवसरीच्या बहिरूची बारी बाद!" 

ठमाबाईनं त्यानंतर कितीतरी दिवस नवऱ्याला भाकरी वाढली ती पाठ करून. "सोयरं नसतं म्हनं! मग त्या माइकलाच सांगा भाकऱ्या थापायला." बहिरू तर पुढं घरी आला की ओसरीवरूनच परत जायचा. पण तालुक्यात बोलबाला झाला. ज्या माणसानं मेव्हण्याला बाद केलं, त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? घरात मात्र त्या वाक्याची सावली पडली ती पडलीच, आणि ती पडली लेकीवर.

लेकीचं नाव वृषाली. कुऱ्हाडे मूळचे आळ्याचे, पण शेत होतं कुकडी नदीवरच्या येडगावच्या धरणाच्या पाण्याला लागून, म्हणून वस्तीही तिथंच. पाणी चढलं की अर्धं रान पलीकडं. मग म्हशीचा चारा आणायचा कसा? तर गुऱ्हाळातली जुनी काहील. गूळ आटवायची ती भलीमोठी कढई पाण्यात सोडायची आणि फळकुटानं वल्हवायची. आता काहिलीची खोड अशी, की ती जाते कमी आणि गरगर फिरते जास्त. मोठमोठे बाप्ये तिच्यात बसून जिथल्या तिथं प्रदक्षिणा घालायचे. ही पोरगी मात्र डावं-उजवं फळकूट मारत काहील सुतासारखी सरळ न्यायची, वर चाऱ्याचे भारे आणि भाऱ्यांवर शेजारच्या काकूंची कोंबडी.

शाळेच्या खेळाच्या सरांनी हे एकदा पाहिलं आणि ते तिला कयाकच्या निवडीला पुण्याला घेऊन गेले. कयाक म्हणजे एकट्यानं बसायची अरुंद होडी, शेवग्याच्या शेंगेसारखी, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. पहिल्या दिवशी सगळ्या पोरी पालथ्या झाल्या. वृषालीही झाली, पण दुसऱ्या दिवशी नाही झाली. काहील सरळ नेणाऱ्याला शेंगेचं काय! पोरगी वसतिगृहात राहिली, राज्यात पदक आणलं, मग देशात आणलं.

पदक घेऊन ती घरी आली तेव्हा अंगणात दहा माणसं बसलेली. तिनं ते बापाच्या हातात ठेवलं. गेणभाऊंनी ते उलटंपालटं केलं, मफलरीनं पुसलं आणि म्हणाले, "बरं."

"बरं?" वृषाली म्हणाली. "आप्पा, त्या मंचरच्या बैलाला तुमी तालुक्याचं कुंकू म्हनलात. आन् मला बरं?"

"बैल काय माझा हाय व्हय?" गेणभाऊ म्हणाले. आपलं ते आपण वानायचं नसतं, हा त्यांचा हिशेब. बोलून झाल्यावर ते गोठ्यात गेले आणि म्हशीला तासभर त्या पदकाची हकिकत सांगत बसले, हे ठमाबाईनं भिंतीआडून ऐकलं. पण म्हशीला सांगून लेकीला काय कळणार?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. धरणाच्या पाण्यावर सात-आठ देशांची कयाक आणि तिची थोरली बहीण कनू, या होड्यांची शर्यत ठरली. नारायणगावात टोमॅटोच्या गाड्यांच्या गर्दीतून गोऱ्या पोरी जीपमधून जायला लागल्या आणि लोक क्रेट उतरवायचे विसरले. मांडव आणि कर्णे होते पारसमल शेठचे. शेठचं घराणं पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं, पण शेठ बोलायचे ते अस्सल नारायणगावचं, आणि घाटातले कर्णेही त्यांचेच, म्हणून गेणभाऊंशी जुना घरोबा. शर्यतीचे व्यवस्थापक होते धारपसाहेब, पुण्याचे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांनी पुण्याहूनच निवेदक आणला होता. त्या बिचाऱ्यानं आदल्या दिवशी हौसेनं इथली मिसळ खाल्ली, वर तर्री मागून घेतली, आणि सकाळी त्याच्या तोंडातून नुसती हवा यायला लागली.

"आवाज पाहिजे ना साहेब?" पारसमल शेठ म्हणाले. "आपल्याकडं माल आहे."

गेणभाऊ आले. धारपांनी त्यांना मफलरीपासून चपलेपर्यंत पाहिलं. "हे बघा, इंग्रजी मी बोलतो, मराठी तुम्ही. फक्त लेनचा नंबर, खेळाडूचं नाव, देश. त्यापलीकडं एक शब्द नको. ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे."

"कळलं सायेब. माइकला सोयरं नसतं," गेणभाऊ म्हणाले. धारपांना त्याचा अर्थ कळला नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

वृषालीला हे कळलं तेव्हा ती होडी पुसत होती. तिचा चेहरा पडला. "आप्पा, सगळे देश आलेत. तिथं भिर्र म्हनू नका, पाया पडते." मग थोडा वेळ ती पुसलेलीच जागा पुसत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "पन एक करा. फायनलला मी आले, तर माझं नाव एकदा घ्या. घाटात घेता तसं. लहानपनापासून ऐकते मी, तुमी दुसऱ्याचंच नाव घेता."

गेणभाऊंनी तिच्या हातातलं फडकं घेतलं. पण सवय वाईट. "वृषाली, माइकला सोयरं..."

"नसतं," ती म्हणाली. "ठावं हाय." आणि होडी खांद्यावर टाकून चालती झाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. गेणभाऊंनी हातातल्या फडक्याची घडी घातली, उलगडली आणि परत घातली.

शर्यतीला माणूस लोटला तो यात्रेसारखा. शर्यत म्हटल्यावर इथला माणूस ती कशाची आहे हे विचारत नाही, फेटा बांधतो आणि निघतो. गुलालाच्या पिशव्या आल्या, हलगीवाले आले, भेळेच्या गाड्या आल्या. बायकांच्या घोळक्यात ठमाबाई पुढंच बसली होती.

पहिली फेरी लागली. पाण्यात नऊ होड्या. गेणभाऊंनी एक नंबर लेनचं नाव घेतलं आणि ती पोरगी आता सुटेल म्हणून छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात भोंगा वाजला आणि नऊच्या नऊ होड्या एकदम सुटल्या. 

"आरं थांबवा, थांबवा!" गेणभाऊ माइकवर ओरडले. "समद्या एकदम सोडल्या! एका घाटात नऊ बाऱ्या! पंच कुठं गेलं?"

काठावरची जनताही खवळली. "बाद! बाद! परत सोडा!" कुणीतरी पाण्यात चप्पल फेकली. धारपसाहेब धापा टाकत आले. "अहो, असंच असतं! एकदमच सोडतात!"

"एकदम?" गेणभाऊंना पटेना. "मंग बगायचं कुनाकडं?"

"सगळ्यांकडं!"

"दोनच डोळं हायेत सायेब. आन् म्होरं घोडी कुठंय?"

पंचांची मोटारबोट होड्यांच्या मागून येत होती. ती पाहून गेणभाऊंनी कपाळाला हात लावला. घोडी मागं ठेवल्यावर गाडा पळणार कसा? त्यात एकेक शर्यत दोन-दोन मिनिटं चालायची. एका दमात सांगायच्या नादात पहिल्या फेरीत त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. पारसमल शेठनी पाठीत गुद्दा घातला तेव्हा श्वास परत आला. "गेणभाऊ, मधून मधून हवा घेत जा," शेठ म्हणाले. "इथं घड्याळाला घाई नाही."

पण माणूस कसबी. दुपारपर्यंत त्यांनी ते अंगवळणी पाडलं. लेन, नाव, देश. लेन, नाव, देश. वृषालीची फेरी लागली तेव्हासुद्धा सरकारी दवाखान्यात केसपेपर पुकारतात तशा आवाजात म्हणाले, "लेन चार, वृषाली कुऱ्हाडे, भारत." धारपांनी अंगठा दाखवून शाबासकी दिली. काठावरची माणसं जांभया द्यायला लागली. "भाऊ, बातम्या वाचताय काय?" कुणीतरी ओरडलं. वृषाली कशीबशी पात्र ठरली आणि फायनलला आली, पण होडी काठाला लावताना तिनं स्टेजकडं मान वर केली नाही. ठमाबाईनं मात्र केली, आणि नवऱ्याकडं असं पाहिलं की गेणभाऊ घाईघाईनं पाणी प्याले.

फायनल लागली तेव्हा वारं सुटलं होतं आणि पाण्यावर आडव्या लाटा यायला लागल्या होत्या. वृषालीला कडेची लेन आली होती, नऊ नंबरची, म्हणजे वाऱ्याच्या तोंडालाच. डोक्याला लाल टोपी. मधल्या लेनला हंगेरीची इल्दिको म्हणून एक उंच पोरगी, जिचे दंड पाहून काठावरचे दोन पैलवान उगाच शर्टाच्या बाह्या खाली करायला लागले होते.

भोंगा वाजला. गेणभाऊंनी कागदावर बोट ठेवलं. "लेन एक, पोलंड. लेन दोन, थायलंड. लेन तीन..."

एवढ्यात कडेला लाट आदळली आणि लाल टोपीची होडी कलंडता कलंडता राहिली. सगळ्या पुढं गेल्या. लाल टोपी शेवटी. काठावरच्या बायका "अगं बाई!" म्हणून उठल्या. लाल टोपीनं एकदा डावं पातं खोल मारलं, एकदा उजवं, आणि होडी सरळ झाली. चाऱ्याची काहील जशी सरळ व्हायची अगदी तशी.

गेणभाऊंचं बोट कागदावरून निसटलं.

"आली!" ते म्हणाले. एवढंच, आणि तेही हळूच. मग त्यांची छाती भरली आणि बांध फुटला. "आली रं आली! कुकडीच्या पान्यावरची, कुऱ्हाड्यांच्या वस्तीवरची, काहिलीत वाढलेली, आमची वृषाली आली! वाट सोडा! वारं आडवं, लाट आडवी, पन पोरगी सरळ! हात बगा, हात! डावा, उजवा, डावा, उजवा! उचल की टाक, उचल की टाक! जिनं गुळाची कढई पैलतीराला न्हेली तिला ह्या शेंगेचं काय वो! सासर-म्हायेर सोडा, ही तालुक्याची लेक हाय, माझ्या घरची पनती हाय! पळ गं माझी बाय, पळ! भिर्रर्रर्रर्र!"

काठ पेटला. हलगी सुरू झाली. पारसमल शेठनी कर्ण्यांचा आवाज शेवटपर्यंत पिळला. बाकीच्या आठ होड्या कुठं होत्या, कोण पुढं होतं, याचं कुणालाच देणंघेणं राहिलं नाही, कारण कर्ण्यातून एकच होडी पळत होती. मधेच इल्दिकोनं शर्यत जिंकलीही. तिनं वल्हं वर केलं, तिच्या मागून आणखी काही होड्या रेषेपार झाल्या, पण गेणभाऊंचा दम तसाच चालू होता, तोंड लाल, शिरा ताठ. लाल टोपी रेषेवरून गेली तेव्हा ते किंचाळले, "झाली! झाली! झाली!" आणि खुर्चीत कोसळले.

फेटे आभाळात गेले, गुलालानं धारपसाहेबांची पांढरी टोपी लाल झाली. वल्हं वर धरून बसलेली इल्दिको काठावरच्या हजारो माणसांकडं पाहत राहिली. ती सगळी दुसऱ्याच कुणाकडं तरी पाहून नाचत होती.

"कुऱ्हाडे!" धारपांनी हात जोडले. "पहिली कोण आली, तेवढं तरी सांगा लोकांना!"

गेणभाऊ भानावर आले. "बगितली न्हाई सायेब," ते म्हणाले. आणि मग आपण काय केलं ते त्यांना उमगलं. चेहरा उतरला. आयुष्यभर जपलेलं एकच वाक्य, ते त्यांनी स्वतःच, कर्ण्यावरून, सात-आठ देशांसमोर पायदळी तुडवलं होतं. ते उठले. मफलर नीट केली. घसा खाकरला. हलगी थांबली, कारण हा खाकरा सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"मंडळी," गेणभाऊ म्हणाले, "माइकला सोयरं नसतं. आज म्या सोयरं बगितलं. निवेदक गेणभाऊ कुऱ्हाडे, बाद!"

त्यांनी माइकचं बटण बंद केलं, माइक काढला, फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ठमाबाईचा आवाज आला, आणि त्याला कर्ण्याची गरजच नव्हती. "आता कसं! माझ्या भावाला बाद करताना बरं वाटलं व्हतं! आज फिट्टंफाट झाली!" सगळा काठ हसत सुटला. ठमाबाई स्वतः हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. मग ती तडक गेली आणि काठाला लागलेल्या इल्दिकोची नारळानं ओटी भरली, कारण पहिली आलेली पाहुणी अशी रिकामी पाठवायची रीत नाही. पारसमल शेठनी आपल्या डोक्याचा फेटा काढून तिच्या डोक्यावर ठेवला. निकाल धारपांनी शेठच्या माइकवर वाचला आणि या खेपेला तो सगळ्यांनी नीट ऐकला.

गेणभाऊ स्टेजच्या मागं, कर्ण्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसून होते. पिशवी मांडीवर. आता कुठला घाट आपल्याला बोलावणार, आणि का बोलवावं, असं काहीतरी मनात चाललं होतं. समोर ओले पाय येऊन थांबले.

"आप्पा," वृषाली म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं, खांद्यावर गुलाल होता. "मी सातवी आले."

गेणभाऊंनी मान वर केली. त्यांना खरंच काही कळेना.

"सातवी?" ते म्हणाले. "आन् बाकीच्या कवा सुटल्या?"

वृषालीला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती त्यांच्या शेजारी खोक्यावर बसून रडायला लागली. "एकदमच सुटत्यात, आप्पा. समद्या एकदमच सुटत्यात."

"व्हय की," गेणभाऊ ओशाळून म्हणाले आणि मफलर काढून तिचं डोकं पुसायला लागले. "धारपसायेब सकाळपास्नं तेच सांगत व्हतं. पन मला तू एकटीच दिसलीस."